पाणी, गुडघाभर

कामशेत स्टेशनच्या बाहेर, रिक्षा उभ्या असतात तिथून थोडं पुढे, सर आमच्या पाठपिशव्यांचं वजन करून बघायचे. त्यांच्या खिशात एक स्प्रिंगचा काटा असे, रद्दीवाल्याकडे असतो तसा. येईल त्याची पिशवी आकड्याला लटकवायची, चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघायचा आणि सहा किलोच्या वर गेला की विचारायचं, "काय आहे यात?"

"डबा आहे सर."

"मग खाऊन टाक. इथंच."

एकदा टूलरूमच्या खानभाईंना त्यांनी खरंच सकाळी पावणेसातला तिथं उभं करून अर्धा डबा बिर्याणी संपवायला लावली होती. खानभाई मोठ्या अंगाचे, तोंडानं फटकळ. शेवटचा घास गिळून म्हणाले, "सर, आता डोंगर राहू द्या, मी या बाकावरच झोपतो. येताना उठवा." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पिशवी पुन्हा काट्याला लावली.

चाकणला आमच्या कारखान्यात सर प्लॅनिंगला होते. कुठल्या मशिनवर कुठला पार्ट किती वाजता चढायचा, हे ते ठरवत. मी तपासणी विभागात. त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. ते मूळचे लातूरकडचे, सपाट मुलखातले. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा जवळून डोंगर पाहिला, आणि त्यांना भीती वाटली. हे ते स्वतःच सांगत. "मला भीती वाटते म्हणून मी नियोजन करतो. ज्याला भीती वाटत नाही त्यानं माझ्याबरोबर येऊ नये."

महिन्यातून एका रविवारी ते कंपनीतल्या दहा-बारा जणांना डोंगरात न्यायचे. ते आकुर्डीला लोकलमध्ये चढत, मी कासारवाडीला. उतरायचं नेहमी कामशेतला. आमच्यात दोघातिघांकडे गाड्या होत्या, ते म्हणायचे, सर, थेट पवना धरणाच्या कडेला गाडी लावू, तासभर वाचेल. सरांना ते पटत नसे. कामशेत म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या धरणांच्या खोऱ्यांतल्या गावांचा बाजार. पवनेकडचे, वडिवळेकडचे, नाण्याकडचे लोक भाजी, दूध, कोंबड्या घेऊन तिथं उतरतात. सर काकड्या घेण्याच्या निमित्तानं प्रत्येकीला विचारत फिरायचे.

"मावशी, तुमच्या वरची सोंडेची वाट चालू आहे का?"

"हाय की. पर जपून जावा, दगूड लई सुटल्यात."

"कुठं सुटलेत? खिंडीच्या आधी की नंतर?"

"आवं काकडी घ्यायची का न्हाई तुमाला?"

मग घाईनं किलोभर काकड्या घ्यायचे, आणि त्या आमच्या पिशव्यांत वाटल्यावर वजन पुन्हा वाढायचं.

आखणी दोन-दोन महिने चालायची. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात नकाशा पसरून बसत. शेवटी एक पत्रक तयार होई. कंपनीचे एका बाजूनं छापलेले रद्द फॉर्म, त्यांच्या कोऱ्या बाजूवर हातानं आखलेले रकाने: ठिकाण, वेळ, पाणी, सावली, वळणाची खूण. सगळं पेन्सिलीत, कारण शाई घामानं फुटते. आणि एक नियम होता. आमची फेरी ज्या रविवारी असे त्याच्या आदल्या रविवारी कुणीतरी एकट्यानं ती वाट चालून यायचं आणि पत्रकातले रकाने भरायचे. याला ते पाहणी म्हणत. पाहणी करून आलेल्यानं पत्रक त्यांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. कुणी उत्साहानं सांगू लागला, सर, काय सुंदर फुलं होती, तर हात वर करत. "तोंडी काही नको. बोलण्याचा उतारा निघत नाही. लिहिलंय ना? मी वाचतो."

मला त्यांनी नेहमी शेवटचा माणूस केलं. रांगेत सगळ्यांच्या मागे चालायचं आणि डोकी मोजत राहायचं. मी विचारलं होतं, मीच का. म्हणाले, "तू घाबरट आहेस. घाबरट माणूस कामात ढिलाई करत नाही."

माझ्याबद्दल असं इतक्या खात्रीनं कुणी बोललं नव्हतं.

त्या मार्चमध्ये पाहणी माझ्याकडे होती. कामशेतहून जीपनं पायथ्याचं गाव, तिथून डोंगराची सोंड चढून वर पठार, पठारावर दगडी बांधाचं एक जुनं टाकं, आणि पलीकडे उतरून धरणाच्या काठानं परत. टाक्याच्या पुढे चार तास कुठं पाणी नाही. सगळा प्रश्न त्या टाक्याचा होता. टाक्यात पाणी असेल तर माणशी दोन लिटर नेऊन भागतं, नसेल तर चार लिटर.

शनिवारी मी लागोपाठ दोन शिफ्ट केल्या होत्या. रविवारी सकाळी कामशेतला उतरलो खरा. बाहेर हॉटेलात बसलो, भजी खाल्ली, दोन चहा घेतले. ऊन चढलं. जीप भरायची वाट बघता बघता मला वाटलं, गेल्या वर्षी याच महिन्यात टाक्यात गुडघाभर पाणी होतं, यंदा पाऊस तर जास्तच झालाय.

पुढचं मी केलं ते मला शिकावं लागलं नाही. आमच्या विभागात दर तासाला पार्ट मोजून रीडिंग लिहायचं असतं. किती जण दर तासाला मोजतात? शिफ्ट संपताना आठ तासांची आठ रीडिंग एकदम भरतात, आणि ती खरी वाटावीत म्हणून आकडे थोडे वरखाली करतात. मीही ते केलेलं आहे. त्या टेबलावर बसून मी पत्रक तसंच भरलं. खिंड नऊ सतरा. पठार दहा बेचाळीस. सावली, एक आंबा. पाणी, गुडघाभर. मग कागद चुरगळला, त्यावर बाहेरची थोडी माती चोळली, आणि दुपारच्या लोकलनं घरी येऊन झोपलो.

सोमवारी कँटीनमध्ये पत्रक दिलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं, घडी करून मला परत दिलं, कारण पत्रक शेवटच्या माणसाकडे असायचं. सगळ्यांना निरोप गेला: माणशी दोन लिटर बास.

टाकं कोरडं होतं. बांधाला भेग पडली होती आणि तळाशी वाळलेलं शेवाळ होतं, पापुद्र्यासारखं. साडेअकरा वाजले होते. कुणीतरी म्हणालं, "राव, पत्रकात पाणी होतं ना?" सर म्हणाले, "होतं. मी वाचलं." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना शंकाच आली नाही. त्यांना वाटलं, मधल्या आठवड्यात फुटलं असेल.

मागे फिरायला हवं होतं, पण चढून आलेल्या वाटेवर आता सावली नव्हती. ते पुढेच निघाले. तासाभरानं खानभाई हसायचे थांबले. मग त्यांना घाम यायचा थांबला. मग ते आपल्या मुलीला हाक मारू लागले, ती तर सांगवीला तिच्या सासरी होती. सरांकडे स्वतःच्या वाट्यापेक्षा दोन लिटर जास्त असायचे, नेहमीच. ते सगळं खानभाईंच्या डोक्यावर आणि तोंडात गेलं. मी धावत खालच्या वाडीत गेलो, तिथली चार माणसं घोंगडी घेऊन वर आली आणि झोळी करून त्यांना उतरवलं. तळेगावच्या दवाखान्यात तीन दिवस होते. वाचले. पण त्या संध्याकाळी डॉक्टर खात्री देत नव्हते, आणि सर बाकावर बसून मला म्हणाले, "पत्रक कुठंय?"

"पिशवीत तळाशी आहे सर. उद्या देतो."

घरी आलो. बायको जेवायला बोलावत होती. मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि कोऱ्या फॉर्मवर सगळे रकाने पुन्हा आखले. सगळं होतं तसं उतरवून काढलं, तीच वेळ, तोच आंबा. फक्त एका रकान्यात लिहिलं: पाणी नाही, बांध फुटलेला. हा कागदही चुरगळला. यावरही माती चोळली. तुळशीच्या कुंडीतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वाचला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा वाचला.

"हे असंच होतं?"

"हो सर."

"मग मी काय वाचलं?"

मी गप्प राहिलो. त्यांनीच शिकवलं होतं ना, पत्रक द्यायचं आणि गप्प बसायचं.

फेऱ्या बंद झाल्या. ते खानभाईंच्या घरी गेले आणि "चूक माझी, मी नीट वाचलं नाही," असं त्यांच्या बायकोसमोर सांगून आले. खानभाई बरे होऊन कामावर आल्यावर कँटीनमध्ये ओरडून म्हणाले, "सर, डोंगर नको तर नको, चष्मा तरी नवा घ्या!" लोक हसले. सरांनी खरंच नवा चष्मा घेतला. सहा महिन्यांनी आणखी एक.

त्यानंतर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला तो गेलाच. मशिनचा प्लॅन लिहिला की तो घेऊन माझ्या टेबलाशी येत. "वाच. मोठ्यानं. मी जे लिहिलंय असं मला वाटतंय, तेच लिहिलंय का बघ." मी वाचायचो. तेच असायचं. अक्षरन् अक्षर तेच. कधी कधी मला वाटायचं, एखादी तरी खरी चूक सापडावी. असं मी चिंतलेलं आहे.

त्यांची निवृत्ती झाली आणि मग संध्याकाळचे फोन सुरू झाले. निगडीला प्राधिकरणात त्यांचं घर, तिथून साडेसात वाजता फोन. "गोळ्यांचं पाकीट आहे. वाचतो, ऐक. सकाळी एक, जेवणाआधी. असंच म्हणालो ना मी?" कधी विजेच्या बिलावरची तारीख, कधी लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त, फोटो काढून पाठवत आणि मला वाचायला लावत. वहिनी घरात असताना मला फोन का? मी एकदा विचारलं. "ती प्रेमानं वाचते रे. मला बरं वाटेल असं वाचते. तू तपासणीचा माणूस."

तीन वर्षं. साडेसात वाजत आले की मला जेवण सुचायचं नाही. फोन वाजला तरी, नाही वाजला तरी.

गेल्या डिसेंबरात कंपनीनं मला चार दिवस परगावी पाठवलं. फोन खोलीवर राहायचा, आणि मी खोलीवर येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असे. परत आलो तर वहिनींचा निरोप, सरांना चक्कर आली, पडले, कपाळाला टाके पडले. रक्तदाबाची गोळी बदलून दिली होती. नवं पाकीट हातात घेऊन ते तीन दिवस बसून राहिले होते, माझा फोन लागेपर्यंत घ्यायची नाही म्हणून. वहिनींनी किती सांगितलं, तरी नाही.

मी गेलो. सोबत जुना, पहिला कागद घेतला. तो मी फाडला नव्हता. का, ते मला सांगता येणार नाही. घराच्या कागदांच्या फायलीत ठेवला होता, आणि फाईल उघडली की ते पान न बघता उलटायचो.

वहिनींनी चहा टाकला. सर पलंगावर, कपाळावर पट्टी. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "हा खरा आहे सर. तुमच्याकडे आहे तो मी नंतर लिहिला. आणि हाही खोटाच. मी वर गेलोच नव्हतो."

"काय सांगायलास तू?" घाबरले की ते लातूरचं बोलत.

मी सगळं सांगितलं. भजीपासून कुंडीतल्या मातीपर्यंत. ते ऐकतायत की नाही कळेना, ते कागदावरच्या एका रकान्यावर बोट ठेवून बसले होते. मग हाक मारली, "अगं, इकडं ये. वाच हे. मोठ्यानं वाच."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "पाणी, गुडघाभर."

"गुडघाभर! मी बरोबर वाचलं होतं. मी बरोबर वाचलं होतं गं!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. ते माझा हात धरून हसत होते. मध्येच थांबून म्हणाले, "खानला सांगितलंस?"

"नाही."

"त्याला आधी सांगायचं होतंस, गाढवा."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. खानभाई पार्ट घासत होते, हात थांबवला नाही. "म्हणजे मी चार वर्षं त्या बिचाऱ्याच्या चष्म्यावरून जोक मारतोय," ते म्हणाले, "आणि तू बाजूला बसून हसतोयस." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मला भावा म्हणायचे, ते बंद झालं.

वहिनी मात्र मी सरांकडे गेलो त्याच दिवशी, मला सोडायला फाटकापर्यंत आल्यावर बोलल्या. "त्यांना आनंद झालाय. मला झालेला नाही. तेव्हाच सांगितलं असतंत तर चार वर्षं चांगली गेली असती. आता सांगितलंत. आणि आता कधी कधी ते खरंच विसरतात. गॅस चालू राहतो. परवा आकुर्डी स्टेशनकडे निघाले आणि तिसऱ्याच रस्त्याला लागले. मी त्यांना हे सांगितलेलं नाही. तुम्ही काय ते बघा."

फेब्रुवारीत सरांनी फेरी जाहीर केली. आमच्यासाठी नवी वाट, चौदा माणसं, कामशेतला पावणेसात. पत्रकातले रकाने या वेळी त्यांनी स्वतःच आठवून भरले, दहा दिवस बसून, आणि मला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. पाहणीला कोण जाणार, असं लोकांनी विचारलं तर माझं नाव घेतलं. खानभाई म्हणाले, "सर, सोबत दुसरा कुणी द्या." सर म्हणाले, "नको."

मी गेलो. सगळी वाट चाललो, प्रत्येक रकान्याशी थांबलो. खिंड बरोबर. जांभळीची सावली बरोबर. मंदिरापुढे दोन वाटा फुटतात तिथं पत्रकात होतं: डावीकडे, शंभर पावलांवर झरा. डावीकडे मी तीनशे पावलं गेलो. तिथं कडा होता. खाली सरळ धरणाचं पाणी दिसत होतं. परत आलो आणि उजवीकडे गेलो. शंभर पावलांवर झरा.

तिथं किती वेळ बसलो, सांगता येत नाही. पेन्सिल माझ्याकडे होती. एक शब्द बदलायचा होता, आणि या वेळी तो बदलून चौदा माणसांचं भलंच झालं असतं. त्यांना कधी कळलंही नसतं. ते आनंदात राहिले असते, वहिनीही. आणि पुढच्या वेळी? त्याच्या पुढच्या वेळी? मी प्रत्येक वेळी येऊन खोडत राहणार होतो का, आणि ते त्या खोडलेल्या कागदाच्या भरवशावर माणसं घेऊन चढत राहणार होते का?

वर फोन लागत नव्हता. खाली उतरलो, जीपनं कामशेतला आलो. बाजार उठत आला होता. स्टेशनबाहेर उभा राहून फोन लावला.

"सर, मंदिरापुढचा झरा उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे लिहिलंय. डावीकडे कडा आहे."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"नक्की?"

"पाणी पिऊन आलोय सर."

"हं. मी तिथं दोनदा गेलोय रे. दोनदा." आवाज बारीक झाला होता. "कागद जवळ आहे?"

"हातात आहे."

"खोडलंस का?"

"नाही."

"खोडू नको. डावीकडेवर एक रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी उजवीकडे लिही. आणि तुझी सही कर."

मी कागद स्टेशनच्या भिंतीवर ठेवला. भिंत खडबडीत होती, रेघ वाकडी आली.

"केलं?"

"केलं सर."

"बरं. आता घरी ये आणि मला दाखव. हिलाही दाखवू." मग म्हणाले, "रविवारी पुढं तू चाल. मी मागं राहतो."